मुख्य विषय रसायन, दुय्यम विषय पदार्थविज्ञान : डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे चरित्र

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा परिपाठ जुना आहे. बहुधा हे चरित्र आपल्याच ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे असते व ते योग्यच आहे. यंदा मात्र चरित्रनायिकेची निवड करताना त्यांची ज्ञाती कोणती हा विचार आम्ही मनात आणलेला नाही. आपल्या कुटुंबांतील मुलामुलींना, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या आईवडिलांना, या घटकेस ज्या जीवनकथेचा उपयोग होईल ती कथा सांगावी, एवढाच आमचा हेतू आहे.

असे म्हणण्यास कारणही तसेच घडले आहे. दर वर्षी जून महिना उजाडला म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन पालक मंडळी आमच्याकडे येतात. मुलगा वा मुलगी अभियांत्रिकीकडे अथवा वैद्यकाकडे गेली असेल तर त्यांच्या मुद्रेवर समाधान दिसते. परंतु रसायन आणि पदार्थविज्ञान हे विषय घेऊन बी. एस्सी. करणार असे पाल्याने ठरविले असेल, तर ते सांगताना पालकांचा आवाज किंचित खाली येतो. दुसरीकडे कोठे प्रवेश मिळाला नाही म्हणून हा मार्ग धरला, असा काहीसा ओशाळेपणा त्यांत असतो. त्यातून ती मुलगी असली तर मग पुढे काय, प्रयोगशाळेत रात्र होते तेव्हा घरी कशी येणार, लग्नानंतर या शिक्षणाचा काय उपयोग, असे प्रश्न एकामागून एक निघतात. हे प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. ते खरे आहेत व कळकळीने विचारलेले आहेत. म्हणूनच त्यांचे उत्तर उपदेशाने न देता एका आयुष्याने द्यावे असे आम्हांस वाटले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी, मुख्य विषय रसायन व दुय्यम विषय पदार्थविज्ञान घेऊन, विद्यापीठात पहिला क्रमांक मिळवून ज्यांनी संपादन केली, त्या डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे ते आयुष्य होय.

कमलाबाई या माहेरच्या भागवत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी इंदूर येथे त्यांचा जन्म झाला. मराठी वाचकांना त्यांचे घराणे अपरिचित नाही, कारण प्रख्यात विदुषी व लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या वडील भगिनी. एका बहिणीने लोकसाहित्य, इतिहास व मानवी संस्कृती यांचा वेध घेतला, दुसरीने धान्याच्या दाण्यातील व वनस्पतींच्या पेशीतील व्यवहारांचा. एकाच घरात दोन मुलींना आपापली वाट शोधण्याची अशी मोकळीक मिळावी, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. त्यांचे वडील नारायणराव भागवत व चुलते माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जमशेटजी टाटा यांच्या दानशूरतेतून १९०९ साली बंगलोर येथे जी विज्ञानसंस्था निघाली, तिच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत या दोघा बंधूंची गणना होते. घरात बालपणापासून रसायनाची भाषा कानी पडत होती. आपणही वडिलांच्या व काकांच्या पावलावर पाऊल टाकून रसायनशास्त्रज्ञ व्हावे, आणि शिकावे तर त्याच बंगलोरच्या संस्थेत, ही आकांक्षा कमलाबाईंच्या मनात या घरानेच रुजविली.

येथे थोडे थांबून या पदवीच्या अभ्यासाविषयी लिहिणे अवश्य आहे, कारण आपल्या लेखाचा कणा तोच आहे. रसायन व पदार्थविज्ञान ही शाळेच्या वेळापत्रकात दोन स्वतंत्र तासांची शास्त्रे असतात, आणि पुष्कळ विद्यार्थी ती तशीच दोन कप्प्यांत ठेवून परीक्षा उत्तीर्ण होतात. वास्तविक ती दोन जुळी भावंडे आहेत. एखादी वस्तू कशाची बनली आहे व तिचे दुसऱ्या वस्तूत रूपांतर कसे होते, हे रसायन विचारते. उष्णता, प्रकाश, विद्युत् व दाब यांचे नियम कोणते आणि ते मोजावयाचे कसे, हे पदार्थविज्ञान शिकविते. रसायनाच्या विद्यार्थ्याला आपला पदार्थ डोळ्यांनी दिसतो, पण त्याच्या अंतरंगाची खबर बहुधा पदार्थविज्ञानाच्या उपकरणांमार्फतच येते. साखरेच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाशकिरण नेला तर त्याची पातळी वळते, व ती किती वळली यावरून द्रावणात साखर किती हे काढता येते. रंगीत द्रावणातून प्रकाश किती शोषला गेला यावरून त्यातील द्रव्याचे प्रमाण कळते. तराजू, तापमापक, वर्णपटदर्शक ही सारी साधने पदार्थविज्ञानाची, परंतु त्यांच्यावाचून रसायनशास्त्रज्ञाचा एक दिवसही पार पडावयाचा नाही. ज्याने हे दोन विषय एकत्र व मनापासून केले आहेत, तो पुढे शेती, औषधे, अन्न, धातू, कापड यांपैकी कोणत्याही क्षेत्राकडे वळला तरी त्याला पाया नव्याने घालावा लागत नाही. ज्या पदवीविषयी आमचे पालक आज आवाज खाली आणून बोलतात, त्या पदवीचे बळ हे असे आहे. कमलाबाईंच्या पुढील कार्यात या जोडशिक्षणाचा उपयोग पावलोपावली झालेला दिसेल.

विद्यापीठात पहिला क्रमांक आल्यानंतर बंगलोरच्या संस्थेचे दार आपोआप उघडेल, अशी कोणाचीही समजूत झाली असती. कमलाबाईंनी अर्ज केला. त्या सुमारास संस्थेचे संचालकपद नुकतेच सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे आले होते. रामन हे १९३० सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी व भारतीय विज्ञानाचे भूषण. त्यांच्याकडून उत्तर आले ते नकाराचे. गुणवत्तेत उणेपणा हे त्या नकाराचे कारण नव्हते, अर्जदार स्त्री आहे हेच कारण होते. ज्या संस्थेत वडील व चुलते शिकले, तिच्या उंबरठ्यावरून मुलीला केवळ ती मुलगी म्हणून परत फिरविण्यात आले.

असा प्रसंग आला असता शंभरातील नव्याण्णव घरांनी काय केले असते, हे आम्ही सांगावयास नको. एवढ्या मोठ्या माणसापुढे कोण बोलणार, असे म्हणून दुसरे स्थळ पाहिले असते, आणि त्या शब्दाचा जो दुसरा अर्थ आपल्या घरांतून प्रचलित आहे तोही कदाचित साधला असता. कमलाबाईंनी तसे केले नाही. महात्माजींच्या सत्याग्रहाने साऱ्या देशाला जो नवा धडा दिला होता, तो या तरुण मुलीने प्रयोगशाळेच्या दारी गिरविला. त्या स्वतः बंगलोरला गेल्या, नकाराचे कारण विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत संचालकांच्या कचेरीपाशी सत्याग्रह मांडला. त्यांची मागणी दयेची नव्हती. आपली गुणवत्ता तपासून पाहावी व ती उणी ठरल्यास खुशाल परत पाठवावे, एवढीच ती मागणी होती. अखेर रामन यांना नमते घ्यावे लागले.

पण प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, त्यांचे काम समाधानकारक आहे असे संचालकांना पटल्यावरच त्याला मान्यता मिळावयाची होती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंतही, काम करावयाचे होते. आणि तिसरी अट अशी की, त्यांच्या उपस्थितीने संस्थेतील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. या अटी कमलाबाईंनी मान्य केल्या, परंतु त्यांतील अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. पुढे कैक वर्षांनी, स्वतः कीर्तिमान झाल्यानंतर, स्त्री-वैज्ञानिकांच्या सभेत त्यांनी ही हकीकत निर्भीडपणे सांगितली आणि रामन हे थोर शास्त्रज्ञ असले तरी या बाबतीत त्यांची दृष्टी संकुचित होती, असा स्पष्ट अभिप्राय दिला.

येथे आम्हांस दोन शब्द लिहावेसे वाटतात. थोरांची पूजा करताना त्यांच्या दोषांवर पांघरूण घालण्याची सवय आपल्या समाजाला आहे. तशीच, एखादा दोष दिसताच सारे थोरपण धुडकावून लावण्याचीही सवय आता वाढीस लागली आहे. कमलाबाईंनी दोन्ही टाळले. रामन यांच्या विज्ञानाविषयीचा आदर त्यांनी सोडला नाही व आपल्यावर झालेला अन्याय अन्याय नव्हता असेही कधी म्हटले नाही. रामन यांच्याविषयीही न्यायाने हे सांगितले पाहिजे की, वर्षभर कमलाबाईंचे काम पाहिल्यावर त्यांनी आपले मत बदलले, त्यांना जीवरसायनाच्या नियमित संशोधनाची परवानगी दिली, आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एका मुलीने निमूटपणे अर्ज परत घेतला असता तर पुढच्या किती मुलींची वाट बंद राहिली असती, याचा हिशेब प्रत्येक पालकाने मनाशी करून पाहावा.

बंगलोर येथे त्यांना मार्गदर्शक लाभले ते श्री. श्रीनिवासय्या. शिस्तीला अत्यंत कडक, कामाच्या बाबतीत सवलत न देणारे, परंतु पात्र विद्यार्थ्याला आपले सारे ज्ञान हातचे न राखता देणारे असे हे गुरू होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास हाती घेतला. विषयाची ही निवड लक्षात घेण्याजोगी आहे. मांसाहार न करणाऱ्या अथवा तो न परवडणाऱ्या कोट्यवधी भारतीयांच्या अंगी जे बळ येते ते डाळ, उसळ व दुधाच्या घोटातून. परंतु त्या डाळीतील प्रथिने कोणती, किती व कशा प्रतीची, यासंबंधी शास्त्रशुद्ध माहिती त्या काळी फार थोडी होती. डाळीच्या पिठातील प्रथिन वेगळे काढावयाचे तर ते मिठाच्या पाण्यात विरघळवून घ्यावे लागते, गाळावे लागते, सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून मीठ हळूहळू बाहेर काढून प्रथिनाचा साका खाली बसवावा लागतो, द्रावणाचा आम्लपणा काटेकोर मोजावा लागतो. या प्रत्येक पायरीवर रसायन व पदार्थविज्ञान हातात हात घालून चालतात. या संशोधनावर आधारलेला प्रबंध सादर करून १९३६ साली कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची एम. एस्सी. पदवी मिळविली.

त्यानंतर त्यांनी इंग्लंडची वाट धरली. १९३७ साली केंब्रिज येथील न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या दाखल झाल्या. केंब्रिजचे नाव ऐकून तेथे सारी मोकळीक होती असा समज होण्याचा संभव आहे. तसे नव्हते. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सभासदत्व व पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली, तोपर्यंत त्यांना पदवीचे केवळ नामाभिधान मिळत असे. तथापि जीवरसायनाचे आचार्य सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा यास अपवाद होती. अन्नातील जीवनसत्त्वांसंबंधीच्या कार्याबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिकात वाटेकरी झालेले हे आचार्य स्त्री-संशोधकांना मुक्तद्वार देण्याविषयी प्रसिद्ध होते. त्यांच्या प्रयोगशाळेत जागेची टंचाई होती, तेव्हा डॉ. डेरेक रिक्टर यांनी दिवसा काम करण्यासाठी कमलाबाईंना आपले मेज देऊ केले. एका ठिकाणी गुणवत्ता असून दार बंद, दुसऱ्या ठिकाणी परक्या देशात अनोळखी सहाध्यायी आपली जागा मोकळी करून देतो. माणुसकी ही कोणत्या एका देशाची मिरासदारी नाही, हाच याचा अर्थ.

डॉ. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाईंनी डॉ. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींच्या ऊतींवर काम सुरू केले. त्यांनी घेतला तो बटाटा. ज्या बटाट्याची भाजी आपल्या घरी आठवड्यातून दोनदा होते, त्याच्या पेशीत डोकावून त्यांनी जो शोध लावला तो थोडक्यात असा. आपण श्वास घेतो तेव्हा आत गेलेला प्राणवायू सरतेशेवटी शरीरातील प्रत्येक पेशीत पोहोचतो व तेथे अन्नाचे मंद ज्वलन होऊन शक्ती निर्माण होते. चुलीत लाकूड भडकते तसे हे ज्वलन एकाएकी होत नाही, ते पायरीपायरीने होते, आणि या पायऱ्यांवर भार एका हातातून दुसऱ्या हातात देणारी काही द्रव्ये असतात. त्यांपैकी लोहयुक्त व रंगीत अशा द्रव्यांना सायटोक्रोम म्हणतात. ही द्रव्ये ओळखण्याचे साधन म्हणजे वर्णपटदर्शक. केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली या उपकरणातून पाहून, प्रकाशाच्या पट्ट्यात उमटणाऱ्या काळसर रेघांवरून, प्राणी, यीस्ट इत्यादिकांच्या पेशींत सायटोक्रोम असल्याचे दाखविले होते. वनस्पतींच्या पेशींतही प्राणवायूशी होणाऱ्या या व्यवहारात सायटोक्रोम-सी हे द्रव्य भाग घेते, हे कमलाबाईंनी बटाट्यावरील संशोधनातून दाखविले. माणूस काय अथवा बटाट्याचे झाड काय, पेशीच्या आतील श्वसनाची रीत मुळात एकच, या थोर सिद्धान्ताला त्यांच्या कामाने बळकटी आली. मुख्य विषय रसायन, दुय्यम विषय पदार्थविज्ञान. मुंबईच्या पदवीपत्रावरील या दोन शब्दांची गाठ केंब्रिजच्या वर्णपटात अशी पडली.

केंब्रिजला गेल्यापासून सुमारे चौदा महिन्यांत त्यांनी आपला प्रबंध पुरा केला. तो अवघा चाळीस पृष्ठांचा होता. प्रबंधाचे वजन कागदाच्या रिमांवरून ठरविणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. १९३९ साली त्यांना पीएच्. डी. प्राप्त झाली. विज्ञानविषयात ही पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा सर्वत्र उल्लेख होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांनी त्यापूर्वी, १९३१ साली, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळविली होती, हेही येथे नोंदविणे उचित होईल. पहिलेपणाच्या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. त्या पिढीत अशा स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यांतील एक मराठी घरातली होती, ही गोष्टच पुरेशी अभिमानास्पद आहे.

पदवी मिळताच त्या स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने निघालेल्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांनी काम पाहिले. पुढे निलगिरीतील कुन्नूर येथील आहारसंशोधनशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्या गेल्या व तेथे जीवनसत्त्वांसंबंधी संशोधन केले. परंतु या वर्षांत त्यांच्या योग्यतेला साजेशी वाढ त्यांना मिळाली नाही, आणि मनाला निराशा स्पर्शून गेली. १९४७ साली त्यांचा विवाह विमागणितज्ञ श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला व त्या मुंबईस आल्या. पुढे त्यांना दोन पुत्र झाले. लग्नानंतर या शिक्षणाचा काय उपयोग, असे विचारणाऱ्या पालकांना आमची विनंती आहे की, त्यांनी पुढील भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. कारण कमलाबाईंच्या हातून देशाच्या ताटाशी प्रत्यक्ष निगडित असे जे कार्य झाले, त्यातील फार मोठा भाग त्यांच्या विवाहानंतरचा आहे.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा नवा विभाग निघाला होता. तेथे त्या प्राध्यापक झाल्या, आणि विद्यार्थ्यांची एक पिढीच्या पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली. संशोधनाचे विषय त्यांनी निवडले ते सामान्य माणसाच्या पोटाशी संबंध असलेले: कडधान्यांतील प्रथिने, भाताच्या साळीपासून केलेले धान-आटा नावाचे पीठ, आणि नीरा. कच्च्या कडधान्यांत व काही भाज्यांत पचनास अडथळा करणारी द्रव्ये असतात. आपल्या आतड्यात प्रथिने पचविणारा ट्रिप्सिन नावाचा जो पाचक घटक असतो, त्याचे काम ती रोखून धरतात. भारतीय अन्नपदार्थांतील या द्रव्यांसंबंधी कमलाबाईंचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे निबंध १९५४ सालापासून प्रसिद्ध होऊ लागले. उष्णतेने या द्रव्यांपैकी बरीचशी निष्प्रभ होतात. कडधान्ये भिजवून, शिजवून खावीत, कच्ची खाऊ नयेत, हा जो आपल्या आजींचा दंडक, त्याच्यामागे कार्यकारणभाव आहे तो हा.

नीरेवरील त्यांचे काम सर्वांत अधिक गाजले. ताडामाडाच्या झाडापासून पहाटे उतरविलेला ताजा, गोड रस म्हणजे नीरा. ती तशीच ठेवली तर उन्हाबरोबर आंबते व तिची ताडी होते, थंड व स्वच्छ ठेवली तर ते पौष्टिक पेय राहते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचे पृथक्करण हाती घेतले. दारूबंदीच्या त्या काळात या प्रश्नाला सामाजिक महत्त्वही होते. नीरेत अ व क ही जीवनसत्त्वे आणि लोह लक्षणीय प्रमाणात असून, तिच्यापासून काकवी व गूळ केला तरी ही द्रव्ये बऱ्याच अंशी टिकून राहतात, असे त्यांना आढळले. त्या केवळ परीक्षानळीवर थांबल्या नाहीत. आदिवासी भागांतील कुपोषित कुमारवयीन मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केला असता त्यांची प्रकृती सुधारते, हेही या अभ्यासातून दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक देऊन गौरविण्यात आले. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही दुधाचा दर्जा सुधारण्याच्या कामी त्यांनी सल्ला दिला. मुंबईकरांच्या सकाळच्या चहातील दुधामागे या बाईंचे ज्ञान काही काळ उभे होते, हे किती जणांना ठाऊक असेल?

एवढे करूनही उपेक्षेने त्यांची पाठ सोडली नाही. संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असता अंतर्गत राजकारणामुळे ते पद त्यांना सुमारे चार वर्षे नाकारण्यात आले. ज्या मुलीला प्रवेशासाठी दाराशी बसावे लागले, तिलाच उत्तर वयात खुर्चीसाठीही तिष्ठावे लागले. एकदा लढून जिंकले की सारे सुरळीत होते, अशी भाबडी समजूत आम्ही तरुण वाचकांना देऊ इच्छीत नाही. अखेरीस ते पद त्यांच्याकडे आले, तेव्हा केंब्रिजचे जुने स्नेही डॉ. रिक्टर यांनी दुरून आनंद व्यक्त केला, आणि एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या पहिल्या स्त्री-संचालक होऊन त्यांनी इतिहास घडविल्याची भावना कळविली.

निवृत्तीनंतरही त्यांचे ज्ञान कपाटात बंद झाले नाही. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहकांच्या हितासाठी कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी स्थापन केली होती. अन्नातील भेसळ ओळखावी कशी, बाजारात आपली फसवणूक होते ती कोठे, हे सामान्य गृहिणीला समजावून सांगणाऱ्या या संस्थेच्या कार्यात त्यांनी भाग घेतला, तिच्या नियतकालिकातून लेखन केले, आणि १९८२-८३ मध्ये तिचे अध्यक्षपदही भूषविले. मराठीतूनही त्यांनी आहारासंबंधी लिहिले. केंब्रिजमध्ये पेशीचे श्वसन उलगडणारी विदुषी हळदीतील भेसळीविषयी चाळीतल्या भगिनींशी त्यांच्याच भाषेत बोलण्यात कमीपणा मानीत नव्हती, हे आम्हांस त्यांच्या पदव्यांहूनही मोठे वाटते.

१९९८ साली नवी दिल्ली येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजिला होता. देशाने उशिरा का होईना, पण आपल्या या कन्येचा गौरव करावयाचे मनात आणले होते. त्या समारंभातच त्या कोसळल्या व त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे देहावसान झाले. मानपत्र व मृत्यू यांची ही गाठ मनाला चटका लावून जाते. परंतु त्यांचे खरे मानपत्र निराळे आहे. ज्या विज्ञानसंस्थेने त्यांना अडविले, तेथे त्यांच्या मागून गेलेल्या प्रत्येक मुलीच्या प्रवेशपत्रात ते लिहिलेले आहे.

ज्ञातिबांधवांनो व भगिनींनो, या चरित्राचा समारोप आम्ही एका नम्र विनंतीने करतो. कमलाबाईंना जे लाभले त्यातील बुद्धीचा भाग ईश्वरी देणगी म्हणून बाजूला ठेवू. उरलेल्या दोन गोष्टी मात्र प्रत्येक घराच्या आवाक्यातील आहेत. त्यांच्या घरात मुलीने रसायन शिकावयाचे म्हटल्यावर कोणाचा आवाज खाली आला नाही, ही पहिली. आणि मुलीला नकार मिळाला तेव्हा झाले ते बरेच झाले असे म्हणून कोणी सुटकेचा निःश्वास टाकला नाही, ही दुसरी. पुष्कळदा मुलींची वाट संस्थांचे संचालक अडवितात त्याच्या आधीच ती आपल्या माजघरात अडविली जाते. प्रयोगशाळेतून मुलगी रात्री घरी कशी येणार, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, तिला आणावयास बापाने वा भावाने स्थानकावर जावे. तेवढा त्रास घेण्याजोगे ते शिक्षण आहे.

येत्या जूनमध्ये शिष्यवृत्तीचे अर्ज पुन्हा आमच्यापुढे येतील. मुख्य विषय रसायन, दुय्यम विषय पदार्थविज्ञान, असे ज्या अर्जावर लिहिलेले असेल तो पालकांनी ताठ मानेने पुढे करावा, आणि तो अर्ज मुलीचा असेल तर दुप्पट ताठ मानेने करावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.